दुमडलेला कोपरा

सदतिसावी ओळ मी वाचली नव्हती, नुसती उतरवली होती. छत्तीस नावं उतरवून झाल्यावर माणूस वाचत नाही, बोटं आपली आपली चालतात. पडद्यावर कागदाचा फोटो असतो, त्यातलं एक अक्षर बघायचं, खाली कीबोर्डवर ते शोधायचं, दाबायचं, पुन्हा वर बघायचं. शब्द पुरा झाला की लांब पट्टी दाबायची, आणि पट्टी दाबली की मशीनमधली बाई तो शब्द मोठ्यानं म्हणते. ही सोय कंपनीच्या मुलीनं मला मुद्दाम करून दिली होती, चूक झालीच तर निदान कानाला कळावी म्हणून. दुपारचे सव्वातीन झाले असतील. पंखा कुरकुरत होता, पलीकडच्या टेबलाशी ती मुलगी कानांवर हेडफोन चढवून मान खाली घालून बसली होती. मी पट्टी दाबली आणि मशीनमधली बाई माझ्या बहिणीचं नाव म्हणाली.

त्या बाईच्या आवाजात काही नसतं. मेलेल्या माणसाचं नाव आणि गटारदुरुस्तीची तारीख ती एकाच सुरात सांगते. तरी मानेवर कुणी ओला हात ठेवावा तसं मला झालं. आधी वाटलं, ताई आली आहे आणि दारात कुणी तिला नाव विचारतं आहे. मी वळून दाराकडं बघितलंसुद्धा. दारात पाण्याचं पिंप होतं, त्यावर उपडा ग्लास होता. मग मनाशी म्हटलं, या नावाच्या पन्नास बायका गावात असतील. पुढचा शब्द बघितला, आणि आता मात्र तो उतरवला नाही, वाचला. बापाचं नाव. या नावाचेही असतील. त्यापुढं आडनाव. आडनावावर मी बराच वेळ थांबलो, कारण दोन अक्षरं जोडून लिहिलेली होती आणि मला वाटत होतं की नीट बघितलं तर ती वेगळीच निघतील. निघाली नाहीत. पुढं पत्ता: लाकडाच्या वखारीमागं, खोली तिसरी. वखारीमागं तिसऱ्या खोलीत आमच्याशिवाय कधी कुणी राहिलेलं नाही. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता. तो वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मंजूर.

"काका, थांबलात? चहा सांगू का?" मुलगी म्हणाली. तिनं हेडफोन एका कानावरून मागं सारला होता.

"नको."

"दमलात?"

"नाही गं. एक अक्षर लागत नाही."

"कुठलं? दाखवा बघू."

"लागेल, लागेल," मी म्हटलं, आणि पडद्यावर हात ठेवला. पडदा कोमट होता. तळहाताखाली ताईचं नाव होतं आणि माझा तळहात त्याच्या दुप्पट मोठा होता, त्यामुळं वरची दोन आणि खालची दोन नावंही झाकली गेली. मुलगी उठली नाही. तिला माझ्या अक्षर न लागण्याची सवय झाली होती.

यादी बाजाराच्या फाटकालगतच्या गाळ्यांची होती. अपंग अर्जदारांतून निवडलेली साठ नावं, आणि खाली ठळक अक्षरांत, तीस दिवसांच्या आत कागदपत्रांसह हजर न झाल्यास हक्क संपेल. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. कुणाच्या घरी पत्र पाठवायची पद्धत तेव्हा नव्हती. फळ्यावर कागद लागला की माणसाला कळवलं, असं धरायचं. आणि कागद फळ्यावर लावणारा मी होतो.

या कामावर मला मुलीनंच मागून घेतलं होतं. नगरपालिकेची वेबसाइट आंधळ्या-अधू माणसांना वापरता आली पाहिजे असा हुकूम वरून आला, आणि कंपनीनं ही मुलगी पाठवली. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या खात्यांच्या लोकांना एका खोलीत बसवलं, पडदा बंद केला आणि मशीनमधल्या बाईला वेबसाइट वाचायला लावली. बाई म्हणाली, चित्र. चित्र. चित्र. चित्र. असं ती चाळीस वेळा म्हणाली. लोक हसले. मुलगी म्हणाली, "तुम्ही इतक्या वर्षांच्या सगळ्या नोटिसा फोटो काढून चढवल्या आहेत. डोळ्याला तो कागद दिसतो. मशीनला तो नुसता डाग आहे." मी दारापाशी उभा होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण घरी करमत नाही म्हणून मी आठवड्यातून दोनदा तिथं जाऊन उभा राहायचो. मी म्हटलं, "पोरी, पन्नाशीपर्यंत मलाही तो डागच होता." तिनं वळून बघितलं. "आणि आता?" "आता डाग बोलतात, पण अडखळत." जुने कागद कुणाला कळतात असं तिनं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ते मीच चिकटवलेले होते. झालं, दुसऱ्या दिवसापासून मला खुर्ची मिळाली. बत्तीस वर्षं नोकरी केली, खुर्ची मिळाली ती नोकरी संपल्यावर.

वाचता येत नसताना कागद चिकटवण्यात अडचण एकच असते. वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही. सुरुवातीला एकदा मी पाणी बंद राहणार असल्याची नोटीस उलटी लावली होती. दिवसभर लोक माना वाकड्या करून ती वाचत होते आणि हसत होते, आणि संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "काय हो, जगाला शीर्षासन शिकवताय का?" त्यानंतर कारकून प्रत्येक कागदाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं बाण काढून द्यायला लागला. बाण आभाळाकडं धरायचा. पण बाजाराचा फळा आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता, म्हणून तिथले कागद मी आदल्या दिवशी घरी न्यायचो आणि सकाळी घरूनच खळ लावून घेऊन जायचो. खळ ताई करायची. पिठाची खळ करणं हे डोळ्यांचं काम नाहीच, ते हाताचं आहे. ती पातेल्यात बोट बुडवून वर उचलायची, खळीची तार किती लांब लोंबते ते तिला बोटाच्या ओढीवरून कळायचं, आणि म्हणायची, "झाली. आता तुझ्या साहेबालासुद्धा भिंतीला चिकटव." मग जमिनीवर कागद पालथा घालून ती तळव्यानं खळ पसरायची. खळीखाली बाण पुसला जायचा. म्हणून तिनंच युक्ती काढली. खळ लावायच्या आधी मी बाण बघून तिचा हात वरच्या डाव्या कोपऱ्यावर न्यायचो, आणि ती तो कोपरा नखानं दुमडायची. दुमड वर म्हणजे कागद सरळ. त्या काळातल्या बाजाराच्या फळ्यावरच्या सगळ्या कागदांना तो कोपरा दुमडलेला आहे. लोकांना वाटायचं, नगरपालिकेचे कागद असेच चुरगळलेले असतात.

मी पडद्यावरचा हात काढला. फोटोत वरचा डावा कोपरा दुमडलेला होता. छत्तीस नावं उतरवली तरी मी तो बघितला नव्हता. मुदत संपल्यावर फळ्यावरून मी सोलून आणलेलाच कागद कुणीतरी मशीनखाली घातला होता, मूळ प्रत कुठल्या तरी फायलीत अडकून पडली असेल म्हणून. म्हणजे हक्क संपल्यानंतर ती यादी वेबसाइटवर चढली. आमच्या ऑफिसात असंच चालायचं, त्याचं मला नवल वाटलं नाही. खालच्या उजव्या कोपऱ्याशी पिवळट डाग होता. मुलीनं मला फोटो मोठा करायला शिकवलं होतं. मी मोठा केला. डाग चार बोटांचा होता. तीन बोटं लांब, पहिलं आखूड, टोक नसलेलं.

ताई वेताच्या खुर्च्या विणायची. अंधांच्या संस्थेच्या शाळेत तिला ते शिकवलं होतं, आणि शिकताना वेत तासायच्या सुरीनं तिच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर नेलं. ती म्हणायची, "बरं झालं, एका बोटाचं नख कापायचं वाचलं." वेत भिजवायची बादली आमच्या खोलीत कायम असायची. खोलीला त्या पाण्याचा वास होता, कुजकट गोडसर, आणि माझ्या कपड्यांनाही तो असायचा. ऑफिसात मला सुरुवातीला काही जण बादली म्हणायचे. मी शाळांमधून, दवाखान्यांमधून बसकण फाटलेल्या खुर्च्या डोक्यावर घालून घरी आणायचो आणि विणून झाल्या की परत द्यायचो. खुर्चीच्या मालकाला ताई कधी दिसायची नाही आणि ताईला मालकाचा आवाज ऐकू यायचा नाही. तिला तेच नको होतं. गाळ्यासाठी अर्ज केला तेव्हा संस्थेच्या बाईंनी विचारलं होतं, गाळा कशाला हवा, काम तर घरी चालतंच आहे. ताई म्हणाली होती, "मला माणसांचे आवाज हवेत. इथं दिवसभर वखारीतली करवत ऐकते मी. फाटकापाशी बसले तर लोक येतील, घासाघीस करतील, शिव्या देतील. कुणीतरी म्हणेल, काय बाई हे, किती सैल विणलंय." हे बोलताना ती हसत होती आणि तिच्या मांडीवर अर्धी विणलेली बसकण होती. त्या बाई नंतर बदलून गेल्या. अर्जाचं काय झालं ते विचारायला आम्हाला दुसरं कुणी उरलं नाही.

आता हे सांगायचं म्हणजे पहिल्यांदा पेपराचं सांगावं लागेल. ऑफिसातला कालचा पेपर मी संध्याकाळी घरी न्यायचो. एके दिवशी ताईनं विचारलं, "काय लिहिलंय रे?" आणि मी सांगितलं. ऑफिसात दिवसभर बातम्याच बोलल्या जातात, त्या माझ्या कानांत होत्या. मी पेपर समोर धरला आणि एकेक करून त्या सांगितल्या, वाचल्यासारखा आवाज काढून. ती म्हणाली, "अरे बारक्या, तू वाचायला लागलास?" मी हो म्हटलं. साऱ्या जगाला माहीत होतं की मला अक्षर येत नाही. कारकुनाला, साहेबांना, वाण्याला, पगाराच्या कागदावर अंगठा घेणाऱ्याला. मी ज्याच्यापुढं वाचू शकत होतो असं जगात एकच माणूस होतं, कारण त्याला दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी अर्धा तास मी वाचता येणारा माणूस असायचो. तो अर्धा तास मला इतका लागायचा की सुट्टीच्या दिवशी बातम्या नसल्या तर मी त्या बनवायचो. एकदा मी एका पुलाचं उद्घाटन करून टाकलं. तो पूल अजून झालेला नाही.

त्या दिवशी सकाळी यादीचा कागद ओला होता आणि मोठा होता, म्हणून आम्ही दोघांनी तो चादरीसारखा धरून नेला. पुढं मी, मागं ताई. गल्लीत कुणी नव्हतं. दुमडलेला कोपरा माझ्या डाव्या हाताशी होता. कारकुनानं आदल्या दिवशी सांगितलं होतं की गाळ्यांची यादी आहे, आणि मी ते ताईला सांगितलं होतं. ती रात्री झोपली नसावी. तिची वेणी कालचीच होती. मी कागद फळ्यावर टेकवला, तिनं खालचा कोपरा दाबून धरला, मी फडक्यानं सुरकुत्या काढल्या. मग ती एक पाऊल मागं सरकली, हात पदराला पुसत पुसत, आणि म्हणाली, "बघ आपलं नाव आहे का."

मला आठवतं की मी खरंच बघितलं. लोक यादी कशी बघतात ते मी इतकी वर्षं बघत आलो होतो. बोट पहिल्या ओळीवर ठेवायचं आणि खाली खाली आणायचं, मध्येच थांबायचं, ओठ हलवायचे, पुन्हा खाली यायचं. ती बघत नव्हती तरी मी सगळं तसंच केलं. साठ ओळींना किती वेळ लागतो तेवढा वेळ मी घेतला. माझं बोट तिच्या नावावरून गेलं असणार. कागद ओला होता, बोटाला गार लागत होतं, आणि माझ्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की नाव नसणार. आपल्यासारख्यांची नावं कुठं लागतात. फक्त मला विचारायचं होतं, ऑफिसात जाऊन कारकुनाला विचारायचं होतं, आणि त्याआधी तिला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "नाही."

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

"बरं," ती म्हणाली. "चल, पातेलं वाळेल, मग घासून निघत नाही."

ऑफिसात गेल्यावर मी कारकुनाच्या टेबलापाशी उभा राहिलो. तो म्हणाला, काय. त्याच्यापुढं मला लाज वाटायचं कारणच नव्हतं, त्याच्याच पेन्सिलीच्या बाणावर मी जगत होतो. पण नाही म्हणून झालं होतं. आता तो हो म्हणाला असता तर मला घरी जाऊन काय सांगावं लागलं असतं? की दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा चुकलं? मी म्हटलं, "काही नाही, पेन्सिल संपत आली असेल तर आणतो." तो म्हणाला, आण. मी पेन्सिल आणली. तीस दिवस तो कागद फळ्यावर होता. तीस दिवस मी त्याच्यावरून येत-जात होतो. एकतिसाव्या दिवशी मी तो सोलला, आणि हे मी एकोणीस वर्षांत कुणाजवळ बोललो नाही, सोलताना मला हलकं वाटलं होतं.

दोन वर्षांनी ऑफिसात प्रौढांचा वर्ग निघाला, त्यात मी एकावन्नाव्या वर्षी बसलो. का बसलो असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, सही करायची आहे. गाळ्यांचा विचार तेव्हा मनात होता असं म्हणालो तर ते खोटं होईल. तो विचार मी कुठं ठेवला होता ते मलाच ठाऊक नव्हतं. अक्षरं यायला लागल्यावर मी घरी खरंखुरं वाचायला लागलो, आणि ताई म्हणाली, "पूर्वी फार भराभर वाचायचास रे. आता का अडखळतोस?" मी म्हटलं, "वय झालं. डोळे गेले." ती म्हणाली, "अस्सं."

"काका, ती यादी आज होईल ना?" मुलीनं विचारलं. "उद्या सकाळी चाचणी आहे. तुमच्या ताई नक्की येणार ना?"

उद्याची चाचणी मीच ठरवून दिली होती. मुलीला बोलतं मशीन वापरणारी माणसं हवी होती, आणि मी छाती फुगवून म्हटलं होतं, आमची ताई आहे की, पासष्टाव्या वर्षी संस्थेत जाऊन शिकली, फोन तर असा चालवते की माझं डोकं फिरतं. मुलीनं ताईला फोन केला होता, दोघी बराच वेळ हसत होत्या. ताई मशीनमधल्या बाईला बिनदमाची म्हणते, कारण ती बोलताना श्वास घेत नाही. "तिला सांग, मध्ये मध्ये थांब गं, जीव जाईल." मुलीनं ते लिहून घेतलं होतं.

"होईल," मी म्हटलं.

मी सदतिसावी ओळ पुसायला लागलो. पुसायची कळ एकदा दाबली की एक अक्षर जातं, आणि जे जातं ते मशीनमधली बाई म्हणते. ती ताईचं नाव शेवटून पहिल्यापर्यंत म्हणत गेली. ओळ कोरी झाली. आता अडतीसचा सदतीस करायचा, साठाची एकोणसाठ करायची, बस. डोळस माणूस एकोणीस वर्षांपूर्वीची यादी उघडायला येणार नव्हता. जी उघडेल तिला माझ्या बोटांतून आलेलंच ऐकू येणार होतं. कागद आणि ताई यांच्यामध्ये पुन्हा मी उभा होतो, आणि या वेळी मला वाचता येत होतं.  मी पाय खुर्चीखाली एकमेकांत अडकवले. कोऱ्या ओळीत ती उभी काडी लुकलुकत होती. मी पहिलं अक्षर दाबलं. मग दुसरं. नाव मी पुन्हा लिहिलं, मग राहिलेली सगळी ओळ लिहिली, पत्त्यासकट, शेवटच्या शब्दासकट, आणि पुढच्या तेवीस ओळी लिहिल्या. यादी झाल्यावर फोटोचं वर्णन म्हणून दोन ओळी लिहायच्या असतात. मुलीचा नियम होता, डोळ्याला दिसतं आणि कामाचं आहे तेवढंच लिहायचं. मी लिहिलं: छापील यादीचा फोटो. वरचा डावा कोपरा दुमडलेला. खाली उजवीकडं खळीत चार बोटांचे ठसे, पहिलं बोट आखूड.

घरी गेलो तेव्हा ताई दारात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसली होती. ऊन कुठवर आलंय ते तिला पायांवर कळतं. खुर्च्या विणणं सुटून चार वर्षं झाली, आता वेतानं खोकला येतो, पण बादली अजून कोपऱ्यात आहे. मी वाटभर वाक्य जुळवत आलो होतो. ताई, एक सांगायचं आहे. ताई, ती यादी आठवते का? ताई, तेव्हा मला. वाक्य इथवर आलं की मी पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लागायचो.

"उद्या काय काय बघायचंय मला?" तिनं विचारलं.

"पाण्याच्या तक्रारीचं पान. जन्माच्या दाखल्याचं. आणि एखादं जुनं, तुला हवं ते."

"हवं ते?"

"हो. मुलगी म्हणाली तसं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पाय उन्हातून आत ओढून घेतले. "मला एक बघायचंच आहे."

"कुठलं?"

"आहे एक. पेपर आणलास? वाच की."

मी वाचलं. त्या संध्याकाळी मी काय वाचलं ते मला आठवत नाही. मी दर शब्दाला अडखळत होतो आणि ती मान डोलवत होती.

सकाळी मुलीनं तिला खुर्चीवर बसवलं. ताईनं आधी खुर्चीची बसकण चाचपली आणि म्हणाली, "प्लास्टिक. बसणाऱ्याला घाम येत असेल." मुलगी हसली. पाण्याच्या तक्रारीचं पान झालं, दाखल्याचं झालं. दाखल्याच्या पानावर एक बटण बोलत नव्हतं, ताईनं ते पकडलं, मुलीनं लिहून घेतलं. मी ताईच्या मागं उभा होतो. मला तिच्या केसांचा भांग दिसत होता, पांढरा, सरळ. तो ती बोटानं काढते, आखूड बोटानं.

"आता तुम्हाला हवं ते, आजी," मुलगी म्हणाली.

"बाजाराच्या गाळ्यांची यादी असेल का गं? अपंगांची. फार जुनी आहे."

"आहे की! कालच काकांनी पूर्ण केली." मुलगी माझ्याकडं बघून हसली. माझे ओठ हलले असतील.

ताईची बोटं कीबोर्डवर चालली. बिनदमाची बोलायला लागली. छापील यादीचा फोटो. वरचा डावा कोपरा दुमडलेला. ताईची बोटं थांबली. खाली उजवीकडं खळीत चार बोटांचे ठसे, पहिलं बोट आखूड.

"काका, हे काय लिहिलंय तुम्ही?" मुलगी म्हणाली. "याची काय गरज?"

"राहू दे गं," ताई म्हणाली. तिनं उजवा हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं ती तर्जनी धरली. नावं सुरू झाली. एक, दोन, तीन. ती ऐकत होती ते मला मागून तिच्या मानेवर दिसत होतं. वीस. तीस.  सदतीस. बिनदमाचीनं तिचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, वखार घेतली, खोली घेतली आणि म्हणाली, मंजूर. ताईनं डावा हात पुढं करून एक कळ दाबली. बाई गप्प झाली.

मुलीला काहीतरी कळलं असावं. ती म्हणाली, "मी चहाचं बघून येते," आणि गेली. दार लोटलेलं राहिलं. 

"बारक्या."

"काय ताई."

"तुला तेव्हा वाचता येत नव्हतं, ते मला माहीत होतं."

मी खुर्चीची पाठ धरली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पेपराला चार पानं असतात. तू कधी पान उलटलंच नाहीस. मला आवाज आला नसता का?" ती हसली नाही. रागावलीही नाही. बिनदमाचीसारख्याच एका सुरात बोलत होती, आणि तेच मला सोसवेना. "मला ते आवडायचं. तू काय काय बनवून सांगायचास. तो पूल."

"मग मी नाही म्हणालो तेव्हा तू..."

"मला वाटलं," ती म्हणाली, आणि आखूड बोट सोडून तिनं हात मांडीवर पसरला, "माझ्या नावासाठी तरी तू कुणाला विचारलं असशील."

बाहेर कुणीतरी पिंपातून पाणी घेतलं. ग्लास ठेवल्याचा आवाज आला. एकोणीस वर्षं मी समजत होतो की तिनं माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला. तिनं माझ्यावर ठेवला होता.

"कागद दिसतोय ना समोर?" तिनं विचारलं.

"दिसतोय."

"मग वाच. या बाईचं नको मला. तू वाच."

मी वाकलो. पडद्यावर तो कागद होता, दुमडलेल्या कोपऱ्याचा, आणि मी बोट पहिल्या ओळीवर ठेवून खाली खाली आणलं, सदतीसवर आणून थांबवलं. ताई मान किंचित तिरकी करून वाट बघत होती. त्या सकाळी फळ्यापुढं मी जेवढा वेळ उभा होतो तेवढा वेळ तरी गेला असेल. मला पहिलं अक्षर लागेना.